नवख्याला कोडं, जाणत्याला भाषण

खानदेशात शिकवण्याचे दोन मोठे सार्वजनिक उद्योग वर्षभर चालू असतात. एक जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, दुसरा शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणांमध्ये. पहिल्यात चौथीच्या मुलांपुढे काड्यांचे गठ्ठे ठेवून 'भागाकार कसा होतो ते तुम्हीच शोधा' म्हणतात, कारण वरून आलेला शब्द असतो ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान आपणच रचतं हा विचार. दुसऱ्यात तीस वर्षं कपाशी लावणाऱ्या माणसाला समाजमंदिरात बसवून कपाशीवरच्याच साठ स्लाइड वाचून दाखवतात, कारण पत्रिकेवर 'मार्गदर्शन' छापलेलं असतं. सगळीकडे असंच होतं असं नाही, पण पुष्कळ ठिकाणी होतं, आणि त्यात कोणाची नियत खोटी नसते. पद्धत मात्र नेमकी उलटी पडते. ज्याला काही ठाऊक नाही त्याला शोधायला लावायचं आणि ज्याला पुष्कळ ठाऊक आहे त्याच्यापुढे बोलत राहायचं.

विहिरीवर पोरांना पोहायला शिकवणारा माणूस ही चूक करत नाही. नव्या पोराच्या पाठीला तो रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधतो, कमरेच्या दोराचं दुसरं टोक काठावर कोणाच्या तरी हातात देतो. पोरगं हातपाय मारायला लागलं की दोर सैल होतो, मग सुटतो, शेवटी डबाही निघतो. 'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' हे खरंच, पण असं म्हणणाऱ्यानेही स्वतःच्या पोराला डबा बांधूनच ढकललेलं असतं. आणि पोहता येणाऱ्याच्या पाठीवर डबा तसाच राहू दिला, तर हात मारताना तो आडवा येतो. अध्यापनाचा आराखडा कसा करावा यावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यातला सगळ्यात कामाचा भाग या डब्याभोवतीच फिरतो: तो कोणाला बांधायचा, किती दिवस ठेवायचा, कधी काढायचा.

आधी चौथीचा वर्ग. 96 भागिले 4. मोठ्या माणसाच्या डोक्यात ही एकच गोष्ट असते. स्थानिक किंमत पक्की नसलेल्या मुलासाठी त्या सात असतात. 96 म्हणजे 9 दशक आणि 6 एकक. 9 दशक चौघांत वाटले की दोन-दोन. 8 गेले, 1 दशक उरला. तो मोडून 10 एकक केले. आधीचे 6 मिळवून 16 झाले. ते चौघांत वाटले, चार-चार. दोन दशक आणि चार एकक म्हणजे 24. एका वेळी माणूस डोक्यात किती सुट्या गोष्टी धरू शकतो, याचा जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये दिलेला आकडा होता सात, दोन कमी-जास्त. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये तो चारच्या आसपास आणला. जॉन स्वेलर यांनी 1988 मध्ये मांडलेला बोधात्मक भाराचा सिद्धांत या मर्यादेवरच उभा आहे. शिकणाऱ्याचं डोकं वाट शोधण्यातच खर्ची पडलं, तर वाट लक्षात ठेवायला काही उरत नाही.

काड्यांच्या वर्गात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. मुलं गठ्ठे सोडतात, 96 काड्या एकेक करून चार ढिगांत टाकतात आणि ढीग मोजून 24 सांगतात. टाळ्या पडतात. उत्तर आलेलं असतं, रीत आलेली नसते. कारण दशक न मोडता उत्तर मिळालं, आणि या धड्यात शिकण्यासारखं होतं ते दशक मोडणंच. दुसऱ्या दिवशी काड्या काढून घेतल्या की वही कोरी राहते.

यावरचा उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे, पण त्यात कारागिरी लागते. स्वेलर आणि कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितात दाखवलं की नवख्या विद्यार्थ्यांना नुसती गणितं देण्यापेक्षा एक पूर्ण सोडवलेलं आणि लगेच तसंच एक सोडवायला, अशा जोड्या दिल्या तर ते कमी वेळात शिकतात. भागाकाराला ते असं लावता येतं. पहिल्या दिवशी दोन जोड्या. दुसऱ्या दिवशीच्या गणितात शेवटची पायरी कोरी, बाकी सगळं सोडवलेलं. पुढच्यात शेवटच्या दोन कोऱ्या. असं मागून पुढे पुसत जायचं, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी मुलाच्या हातात फक्त 'भागिले'चं चिन्ह उरतं. शेवटची पायरी आधी पुसायची, कारण तिथे पोचेपर्यंतचं सगळं समोर असतं आणि गणित पुरं केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. पहिली पायरी आधी पुसली तर ते दारातच अडकतं.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. मुलं सोडवलेलं उदाहरण वाचत नाहीत, उतरवतात. म्हणून प्रत्येक उदाहरणाखाली एक प्रश्न हवा, 'हा दशक का मोडला?', आणि त्याचं उत्तर तोंडी घ्यायला हवं. सगळी उदाहरणं एकाच घडणीची असली की मुलं मोडायची गरज नसतानाही दशक मोडतात, म्हणून 96 च्या शेजारी 84 हवा. आणि 412 भागिले 4 चं उत्तर 13 लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. मधलं शून्य ही वेगळी अडचण आहे, तिला वेगळा दिवस द्यावा लागतो. आणखी एक बारीक गोष्ट: चित्र वर आणि खुलासा खाली, अशी मांडणी केली की डोळे वरखाली धावतात आणि प्रत्येक फेरीत काहीतरी सांडतं. खुलासा चित्रातच, त्या त्या पायरीला चिकटून लिहावा.

सातपुड्यातल्या दोन शिक्षकी शाळेत ही पद्धत आणखी एका कारणाने उपयोगी आहे. एका खोलीत दोन इयत्ता असताना शिक्षक दुसरीला वाचन घेत असेल, तेव्हा चौथीच्या हातात असा कागद देता येतो. 'शोधा' म्हणून सोडलेल्या गटाला मात्र पाच मिनिटांत शिक्षक लागतो, आणि तो तिकडे अडकलेला असतो.

इथे ज्ञानरचनावादाचे पाईक रागावतील. रागवायचं कारण नाही. माणूस आपलं ज्ञान आपणच रचतो हे खरं आहे. सोडवलेलं उदाहरण समजून घेतानाही तो तेच करत असतो. पण हे विधान शिकण्याबद्दलचं आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तो शब्द आला, 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राची हवा झाली, आणि या प्रवासात कुठेतरी शिकण्याच्या वर्णनाची शिकवण्याची आज्ञा झाली. फरशीवर आखलेली वर्तुळं, भिंतींवरचे तक्ते, दोऱ्या-गोट्या-काड्या म्हणजे ज्ञानरचनावाद, असं समीकरण बसलं. मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांचं नाव घेणारे विसरतात की त्यांच्या विकासक्षेत्राच्या कल्पनेत (मुलाला एकट्याने जमत नाही पण मदतीने जमतं, तो टप्पा) जाणत्याची मदत मध्यभागी आहे. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 मध्ये बांधकामाच्या पराचीचं रूपक वापरलं. पराची आधी बांधतात आणि भिंत उभी राहिली की सोडतात. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये 'कमीत कमी मार्गदर्शन' या कल्पनेवर सरळ हल्ला चढवला, तेव्हा मोठा वाद पेटला. वादातला विरोधी पक्षही पोकळ नाही. मनू कपूर यांचे प्रयोग दाखवतात की आधी गणिताशी झटू दिलं आणि मग शिकवलं, तर काही वेळा संकल्पना जास्त खोल उतरते. पण त्याला दोन अटी आहेत. झटायला पुरेल एवढी शिदोरी मुलाकडे आधीपासून हवी आणि झटापटीनंतर शिक्षकाने बसून मुलांच्या अर्धवट उत्तरांची नीट सांगड घालायला हवी. आपल्याकडे घंटा होते आणि दुसरी अट नेमकी राहून जाते.

शिदोरीचा विषय निघालाच आहे तर भाषेबद्दल. रॉबर्ट गान्ये यांच्या अध्यापनाच्या नऊ घटनांमधली तिसरी, आणि डेव्हिड मेरिल यांनी 2002 मध्ये मांडलेल्या पाच तत्त्वांमधलं दुसरं, एकच सांगतात: आधीचं ज्ञान जागं करा. ते जागं कोणत्या भाषेत होतं? धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या मुलाचं वाटणीचं ज्ञान पावरीत किंवा भिलीत असतं, नवापूरकडे मावचीत, साक्री-शिरपूरकडे अहिराणीत. 'प्रत्येकाला समान भाग मिळाल्यास एकास किती' हे वाक्य उलगडण्यातच त्याच्या डोक्यातल्या चार जागांपैकी दोन भरतात. तिथे शिक्षकाने 'एकेकले कितला?' एवढं विचारलं, की वाटणी त्याला येतच असते. अहिराणीला वर्गात स्थान द्यावं की नाही हा वाद अस्मितेच्या अंगाने भरपूर झाला. आराखडा करणाऱ्याच्या नजरेने तो हिशेबाचा प्रश्न आहे. नवी संकल्पना आणि नवी भाषा एकाच दिवशी नको. संकल्पना घरच्या बोलीत, दोन दिवसांनी तीच प्रमाण मराठीत, आणि शब्दांची जोडी फळ्यावर कायम. याला सरकारी आदेश लागत नाही, फार तर पन्नास शब्दांची यादी लागते. ती गावातलीच माणसं एका बैठकीत करून देतील.

आता समाजमंदिरात येऊ. ज्या मदतीने नवख्याचं भलं होतं तीच जाणत्याला नडते, हे कल्युगा, आयर्स, चँडलर आणि स्वेलर यांनी 2003 मध्ये पुराव्यांसह मांडलं. कारण साधं आहे. जाणत्याच्या डोक्यात स्वतःची मांडणी असते. समोरचा खुलासा वाचताना तो त्या मांडणीशी ताडत बसतो, आणि ताडण्याचं हे काम फुकटचं असतं. पोहणाऱ्याच्या पाठीवरचा डबा तो हाच. 'कपाशी हे खानदेशातील महत्त्वाचं नगदी पीक आहे' या स्लाइडला मागच्या रांगेत मोबाइल निघतात, तो शेतकऱ्याचा निष्काळजीपणा नसतो. शिवाय स्लाइडवर तेच लिहिलेलं आणि वक्ता तेच वाचतोय, अशा वेळी डोळे आणि कान एकाच मजकुराच्या दोन प्रती सांभाळत बसतात. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी हे पुन्हा पुन्हा दाखवलंय. चित्र दाखवा आणि बोला, किंवा मजकूर द्या आणि गप्प बसा.

गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घेऊ. बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली, 2002 मध्ये आली, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्राने बोंडअळीचा तडाखा पाहिला. कपाशीवाल्याला अळी दाखवायची गरज नाही, डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, तो ओळखतो. अडतं ते निर्णयापाशी. अळी बोंडात शिरली की भोक बुजतं, बोंड बाहेरून निरोगी दिसतं, आणि डोळ्यांना नुकसान दिसेपर्यंत फवारणीची वेळ टळलेली असते. म्हणून निर्णय मोजून घ्यावा लागतो. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा जास्त पतंग, किंवा फुलांत अथवा हिरव्या बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव, यांपैकी एक जरी झालं तरी नुकसानीची पातळी ओलांडली. हे स्लाइडवर लिहिलं की एका मिनिटात संपतं, आणि वावरात काही उरत नाही.

त्याऐवजी जाणत्याला प्रश्न द्यावा. सापळ्यात परवाच्या आदल्या रात्री 5 पतंग, परवा 11, काल 9. वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं तोडली, भुईमुगाच्या शेंगेसारखी टिचकवून पाहिली, दोनांत अळी निघाली. आज फवारायचं का? सापळा म्हणतो थांब, कारण तीन रात्रींतली एक आठच्या खाली आहे. बोंडं म्हणतात थांबू नको, वीसात दोन म्हणजे दहा टक्के. आता वाद होऊ द्यावा. कोणी म्हणेल, बांधाकडचीच बोंडं तोडली असतील. कोणी म्हणेल, सापळ्यातलं ल्यूर, म्हणजे वासाचं आमिष, जुनं झालं असेल. हे दोन्ही आक्षेप तज्ज्ञाच्या तोडीचे आहेत आणि साठ स्लाइडमध्ये ते कधीच वर येत नाहीत. अशी सहा-सात प्रकरणं, प्रत्येकी दहा मिनिटं, की सकाळ सार्थकी लागली. मेरिल यांचं पहिलं तत्त्व हेच, की शिकवणं खऱ्या प्रश्नाभोवती उभं करावं. जाणत्यांच्या बाबतीत ते पहिल्या मिनिटापासून पाळता येतं.

शेतीशाळा हा प्रकार मुळात याचसाठी जन्मला. 1989 मध्ये इंडोनेशियात, भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांमुळे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या कार्यक्रमातून. वीस-पंचवीस शेतकरी, अख्खा हंगाम, आठवड्याला अर्धा दिवस, शेताच्या बांधावर. पाच-पाच जणांचा गट झाडं तपासतो, शत्रुकीड आणि मित्रकीड मोजतो, मोठ्या कागदावर पिकाचं चित्र काढतो, आणि चित्रासमोर उभं राहून 'या आठवड्यात काय करायचं' ते ठरवतो. प्रशिक्षक उत्तर देत नाही, उलट प्रश्न करतो. आपल्याकडे शब्द आला, पण तो कागद अनेक ठिकाणी आला नाही. कागद नसेल तर ती शेतीशाळा नाही, सभा आहे.

पण याहून आधीचा एक प्रश्न आहे आणि तो कोणीच विचारत नाही. ही अडचण शिकवून सुटणारी आहे का? रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्ये एक रोखठोक कसोटी दिली: या माणसाचा जीव यावर टांगला असता, तर त्याला हे करता आलं असतं का? आलं असतं, तर प्रशिक्षण हा इलाज नाही. फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेल्या कपाशीचं घ्या. डिसेंबरनंतर कपाशी ठेवू नका, अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, हे चोपड्या-शिरपूरच्या कपाशीवाल्याला पाठ आहे. तरी पाणी असलं की फरदड ठेवली जाते, कारण जानेवारीत हातात येणारे चार पैसे खरे असतात आणि पुढच्या वर्षीची अळी सगळ्या गावाची असते. बागायती कपाशी मे महिन्यातच लावण्याची चाल तशीच. लवकर आलेली फुलं पहिल्या पिढीच्या पतंगांना आयती मिळतात हे सांगून झालंय. एकट्याने जूनपर्यंत थांबून त्याचा काही फायदा नाही. गावाने ठराव करावा, जिनिंगचा कचरा वेळेत हलवावा, बियाणं कधी विकायचं ते ठरवावं. या विषयावर दहावं प्रशिक्षण घेणं म्हणजे औषधाची बाटली बदलून तोच ताप उतरवायला बघणं.

अ‍ॅडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आराखड्यातलं पहिलं पाऊल, विश्लेषण, नेमकं यासाठी असतं. 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी सैन्यदलांसाठी तयार झालेल्या कार्यपद्धतीतून हे पाच टप्पे रुळले: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. नंतर डिक आणि कॅरी यांचं मॉडेल आलं, केलर यांचं आलं, आणखी डझनभर आली. बी.एड.ला हर्बार्टच्या पंचपदीचं, म्हणजे धड्याच्या पाच पायऱ्यांचं, पाठ टाचण काढलेल्या कोणालाही यातलं फारसं काही परकं वाटणार नाही. मॉडेलांचा दुष्काळ आपल्याकडे नाही. आपल्या प्रशिक्षणांत पाचांपैकी चौथाच टप्पा पैसे घेतो, एवढीच गोम आहे. बॅनर, चहा-नाश्ता, जेवण, मानधन, प्रवासभत्ता: खर्चाची सगळी शीर्षकं त्या एका दिवसाची. आधीच्या आठवड्यात गावात जाऊन विचारपूस करण्याला शीर्षक नाही, महिन्याने पुन्हा जाऊन पाहण्याला तर नाहीच.

मूल्यमापन म्हणून जे होतं ते अभिप्राय फॉर्म. किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, वागणुकीत आलं का, परिणाम दिसला का. आपला फॉर्म पहिल्या पायरीवर बसून चारही पायऱ्यांचा दाखला देतो. आणि तो फसवतो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं; आठवड्यानंतर मात्र, पुन्हा न वाचता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे संध्याकाळी पाच वाजता भरून घेतलेला फॉर्म नेमका चुकीच्या पद्धतीला चांगले गुण देतो. सुरळीत भाषण ऐकलेल्या माणसाला वाटतं, सगळं समजलं. चुका करून घाम गाळलेला म्हणतो, अवघड होतं. महिन्याने वावरात कोण उभा राहील, ते फॉर्मवर उमटत नाही.

हेतू कसे लिहितो, तिथेच हे सुरू होतं. 'शेतकऱ्यांना बोंडअळी व्यवस्थापनाची जाणीव होईल.' जाणीव कशी मोजणार? मेगर यांनी 1962 मध्ये हेतूचे तीन भाग मागितले: काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, किती नेमकेपणाने. तसं लिहिलं तर हेतू असा होतो: दिलेल्या एक एकर कपाशीत, अर्ध्या तासात, कोणाला न विचारता 20 बोंडं निवडून फोडेल, सापळ्याची नोंद वाचेल, आणि फवारणी हवी की नको ते पाचपैकी चार शेतांत बरोबर ठरवेल. या वाक्यात परीक्षा तयार आहे, साहित्याची यादी तयार आहे, आणि समाजमंदिर बाद झालंय.

दीड तासाच्या सत्रात गान्ये यांच्या नऊ घटना ताडून पाहाव्यात. लक्ष वेधणं, उद्दिष्ट सांगणं, जुनं आठवून देणं, नवं मांडणं, वाट दाखवणं, करून घेणं, चूक-बरोबर सांगणं, तपासणं, आणि पुढे टिकेल असं करणं. आपल्या सत्रात पहिल्या चारांतच वेळ संपतो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक हे सगळं बहुधा लक्ष वेधण्यात मोडत असावं. सहावी घटना, म्हणजे शिकणाऱ्याने स्वतः हात लावणं, जेवणानंतर ठेवतात आणि जेवणाला उशीर होतो. हिशेब उलटा करून पाहा: मांडणी 25 मिनिटं, करून घेणं 40, चुकांवर बोलणं 15, आणि उरलेल्या 10 मिनिटांत ज्यांचे सत्कार व्हायचे ते होऊ द्या.

आणखी दोन गोष्टी प्रशिक्षणांतून हद्दपार व्हाव्यात. 'वाचलेलं दहा टक्के, ऐकलेलं वीस टक्के लक्षात राहतं' ही स्लाइड: एडगर डेल यांच्या 1946 च्या मूळ अनुभव शंकूत एकही टक्केवारी नव्हती, ती नंतर कोणीतरी डकवली. आणि मुलांची 'दृक, श्राव्य, कृतिशील' अशी वर्गवारी. तसं वाटून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये धांडोळा घेऊन सांगितलं.

राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र (शाळांचा गट) अशा उतरंडीने शिक्षकांचं प्रशिक्षण खाली येतं. समजा प्रत्येक पायरीवर ऐंशी टक्के पोचलं, तरी तीन पायऱ्यांत ते एकावन्नवर येतं. पण गळणारा भाग सरसकट नसतो. पहिल्या पायरीवर गाळला जातो तो सराव, कारण त्याला वेळ आणि जाणता माणूस लागतो. स्लाइड मात्र पेनड्राइव्हवरून शेवटपर्यंत सुखरूप जाते. भडगावच्या केंद्रात पोचतं ते असं, आणि मग तिथला शिक्षक वर्गात तेच करतो जे त्याच्यासमोर केलं गेलं.

मग जाणता कोण आणि नवखा कोण, हे ठरवायचं कसं? वय, शिक्षण, जमीन यांवरून नाही. तोच कपाशीवाला ई-पीक पाहणीचं ॲप उघडताना नवखा असतो. तिथे त्याला चर्चा नको, पडद्यांच्या चित्रांवरच आकडे टाकलेला एक पानी कागद हवा, जो खिशात राहील. रावेर-यावलकडे पहिल्यांदा केळी लावणाऱ्याला सीएमव्ही हा विषाणूचा रोग, म्हणजे तिकडचा हरण्या, आणि करपा यांतला फरक हवा असतो. तो व्याख्येने येत नाही. पानांचे वीस फोटो, मिसळलेले, त्यांत काही नुसत्या अन्नद्रव्याच्या कमतरतेचे. एकेक उचलून 'हरण्या' किंवा 'नाही' म्हणायचं आणि चुकलं की लगेच कळायचं. फक्त रोगाचेच फोटो दाखवले की माणूस प्रत्येक पिवळ्या पानाला हरण्या म्हणू लागतो आणि निरोगी झाडं उपटतो.

निवड करण्याचा एक झटपट मार्ग कल्युगा आणि स्वेलर यांनी 2004 मध्ये दाखवला. प्रश्न द्या आणि फक्त 'पहिली पायरी कोणती' एवढंच विचारा. 96 भागिले 4 ला एखादं मूल थेट 24 लिहील, एखादं '9 दशक' लिहील, एखादं 96 रेघा मारू लागेल. तीन मुलं, तीन कागद. वावरात सापळ्याची नोंद पुढे करून 'आज काय कराल' विचारलं की तीच चाळणी होते. दहा मिनिटं लागतात. त्यानंतर चाळीस जणांचे दोन गट करायचे: ज्यांना डबा हवा ते एकीकडे, ज्यांचा काढायचा ते दुसरीकडे. नवख्यांपुढे सोडवलेली उदाहरणं, जाणत्यांपुढे नुसती प्रकरणं, आणि दर महिन्याला पुन्हा चाळणी, कारण आजचा नवखा दिवाळीपर्यंत नवखा राहत नाही.

एवढी माणसं आणणार कुठून, हा आक्षेप खरा आहे. नंदुरबारच्या डोंगरी भागात केंद्रप्रमुखाच्या वाट्याला शाळा पुष्कळ आणि रस्ते वाईट. पण माणूस-दिवस वाढवावे लागत नाहीत, पसरावे लागतात. सलग पाच दिवसांऐवजी दोन दिवस, आणि उरलेले तीन पुढच्या तीन शिक्षण परिषदांमध्ये, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकांमध्ये, प्रत्येक वेळी मुलांच्या वह्या सोबत आणून. 412 ला 13 लिहिणारे किती राहिले, हे वहीत दिसतं. खंड पाडून केलेला सराव जास्त टिकतो हे एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून सांगितलं आहे. अडथळा हिशेबाच्या नमुन्याचा आहे. पाच दिवसांची हजेरी एका कागदावर येते, पसरलेल्या तीन दिवसांना तीन कागद लागतात. जिल्हा परिषदेने आणि कृषी विभागाने आपल्या प्रशिक्षण निधीत एक शीर्षक आधीच्या चाळणीसाठी आणि एक नंतरच्या भेटीसाठी उघडावं, आणि अहवालात 'उपस्थित किती' या रकान्याशेजारी 'करून दाखवणारे किती' हा रकाना आणावा, एवढी मागणी आहे.

तारखाही मग किडीच्या आणि पिकाच्या लागतील. जूनमध्ये लावलेल्या कपाशीत सापळे लावायला शिकवायचं ते पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास, डोमकळ्या शोधायला ऑगस्टमध्ये, बोंडं फोडायला सप्टेंबरपासून. आणि मार्चअखेरला निधी संपवायचा म्हणून बोंडअळीचं प्रशिक्षण लावलं, तर त्या वेळी वावरात फोडायला बोंड नसतं. स्लाइडच दाखवावी लागते.